तिन्ही बाजू कातरलेले पुस्तक

आमच्या घरात चार माणसे चोरून काहीतरी करीत होती, आणि ते मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळले. चाळीस वर्षे जिच्या नजरेतून शिवणीचा एक दोरा वाकडा सुटला नाही, तिच्या नाकाखाली असे प्रकार चालावेत, हे मला मुळीच रुचले नाही.

मी पुस्तकबांधणी करणारी. ह्यांच्या पश्चात बाइंडिंगचा कारखाना मी एकटीने चालवला. शाळांची हजेरीपुस्तके, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, विद्यार्थ्यांचे प्रबंध. गिऱ्हाइकाने सांगावे आणि मी सांगितल्या दिवशी, सांगितल्या रंगाच्या कापडात बांधून द्यावे. घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवायचे, खळ लावायची, दाबयंत्रात आवळून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही बाजू कातरून पुस्तक ज्याचे त्याला द्यायचे. गेल्या वर्षी कारखाना बंद केला. मोठी यंत्रे विकली; हाताने ओढायचे लहान कटिंग मशीन, दाबयंत्र आणि बारा फुटी टेबल तेवढे घरी आणले. टेबल पुढच्या खोलीत मावले. त्यानंतर त्या खोलीत माणसे मावेनात, ही गोष्ट वेगळी.

उरलेले सामान ठेवायला जागा हवी म्हणून मी घरातली कपाटे रिकामी करायला काढली, आणि चोरीचा माल एकेक करून हाती लागू लागला.

सूनबाईच्या कपाटात दातांचे डबे निघाले. ती कवळ्या बनवते. दवाखान्यांकडून हिरड्यांचे ठसे येतात आणि त्यांवर ती दात बसवते. तेव्हा डब्यांचे नवल नव्हते. आत मात्र मेणाची जनावरे होती. कासव, उंट, गेंडा, बेडूक. आणि प्रत्येकाच्या तोंडात माणसाचे बत्तीसच्या बत्तीस दात. तो बेडूक माझ्याकडे बघून असा काही हसला की मी झाकण लावून जरा वेळ खुर्चीत बसले.

मुलगा बस चालवतो. त्याच्या पलंगाखाली लाकडाचे कोरलेले चमचे सापडले. तेवीस चमचे, त्यांतला एकही सरळ नाही, सगळे डावीकडे वळलेले. नातीच्या भूगोलाच्या वहीत एका आळशी भुताची चित्रकथा होती. जिने चढायचा कंटाळा असल्यामुळे ते भूत फक्त तळमजल्यावरच्या लोकांना घाबरवते, आणि तळमजल्यावरचे लोक आता त्याला सरावले आहेत. ही नात सतरा वर्षांची. सगळे दडवून ठेवते म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो, पण इतके दडवले असेल असे वाटले नव्हते.

राहिले भावजी, माझे धाकटे दीर. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. पाने छापण्याआधी त्यांतल्या चुका शोधणे हे त्यांचे काम. त्यांच्या बॅगेत खुनाच्या कादंबरीचे पहिले प्रकरण मिळाले. एकाच प्रकरणाच्या एकोणचाळीस प्रती. गुप्तहेर एका घरी येतो, ओली छत्री कुठे ठेवावी याचा विचार करतो, चहा घेतो. एकोणचाळीस वेळा चहा झाला होता. खून एकदाही नाही.

त्या संध्याकाळी मी सगळा माल टेबलावर मांडला आणि चौघांना समोर उभे केले.

"हे काय आहे?"

मुलगा पुटपुटला, "असंच आहे गं, आई. वेळ जात नाही म्हणून."

"तुझा वेळ जात नाही? सकाळी पाचला जातोस, दुपारी तीनला येतोस आणि वेळ जात नाही? खोटं बोलायचं तर नीट बोलावं."

सूनबाई म्हणाली, "आई, कुणाला दाखवण्यासारखं नाही हो ते. लोक हसतील."

"हसण्यासारखंच आहे ते. त्या बेडकाला बघून मीसुद्धा हसले. मग लपवायचं कशाला?"

आणि मी फर्मान काढले. दर शनिवारी दुपारी चार वाजता ज्याने त्याने आठवड्यात केलेले काम या टेबलावर मांडायचे. पुरे असो, अर्धे असो, बिघडलेले असो, मांडायचे. दुसऱ्याचे काम बघून 'छान' म्हणायचे नाही. 'छान' हा शब्द म्हणजे दाराला घातलेली कडी, त्यापुढे बोलणेच खुंटते. त्याऐवजी प्रश्न विचारायचा. चहा सगळ्यांची मांडणी झाल्यावर. खारूताईने हे नियम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला लावले आणि शेवटी आपल्या पदरचा एक घातला: 'जो मांडणार नाही, तो बसणार नाही.' मला तो फार पसंत पडला. मी त्याखाली सही केली.

मी टेबलाच्या डोक्याशी खुर्ची टाकून अध्यक्षस्थानी बसू लागले, आणि पहिले दहा शनिवार असे गेले की काय सांगावे. सूनबाईचा उंट प्रथमच उघडपणे टेबलावर आला तेव्हा भावजींनी विचारले, "याचे दात हा घासतो कशाने?" झाले, पुढच्या शनिवारी उंटाच्या पुढ्यात मेणाचा ब्रश आणि पायाशी पाण्याची बादली होती. मुलाला मी विचारले, "सगळे चमचे डावीकडेच का वळतात रे?"

"काय करू, आई? कोरता कोरता मी रोजचा रस्ता आठवत असतो. डेपोतून निघालं की सात वळणं, साती डावीकडे."

"मग येतानाच्या रस्त्यावर कोर की!"

त्याने कपाळाला हात लावला. पुढच्या शनिवारी उजवीकडे वळलेला चमचा आला, आणि आम्ही तो पाहुण्यासारखा हातोहात फिरवला. भूत एक पायरी चढले. फक्त भावजींचा गुप्तहेर चहाच पीत राहिला. बेचाळिसावी प्रत वाचून झाल्यावर खारूताईने त्यांना विचारले, "आजोबा, यात मरणार कोण?"

"तीच तर अडचण आहे. ज्याला मारायला जावं त्याची जरा माहिती लिहितो, आणि मग माणूस चांगला वाटायला लागतो."

अकराव्या शनिवारी घात झाला. सगळ्यांची मांडणी आटोपली होती, मी चहाला हाक मारणार इतक्यात सूनबाईने हातातला गेंडा खाली ठेवला.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"तुमचं काय?"

"माझं काय म्हणजे?"

"म्हणजे, तुम्ही काय मांडणार?"

"मी? मी बघते."

खारूताईने भिंतीवरच्या शेवटच्या नियमाकडे बोट केले. त्याखाली माझी सही होती, ठळक आणि वळणदार.

भावजींनी घसा खाकरला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..."

"भावजी, पुढचं म्हणू नका."

"नाही म्हणत. फक्त आठवलं."

"पुढच्या शनिवारी मांडीन," मी म्हणाले. "आणि मांडलं नाही, तर या खुर्चीवर बसणार नाही. झालं समाधान? आता चहा आणा."

बोलून तर गेले. रविवारी सकाळी टेबलाशी कागद घेऊन बसले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की खुर्ची ही लहान गोष्ट होती. मला काही सुचत नव्हते. आयुष्यभर मी हजारो पुस्तके बांधली, आणि त्यांतले प्रत्येक कोणीतरी सांगितले म्हणून बांधले. हिरवे कापड सांगितले, हिरवे घातले. सोनेरी अक्षरे सांगितली, सोनेरी उठवली. मला काय हवे, हे मला कोणी कधी विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. आता विचारले, तर आतून उत्तर येईना. बायका बहात्तराव्या वर्षी गुडघ्यांना घाबरतात. मी त्या कोऱ्या कागदाला घाबरले.

सोमवारी हाताला चाळा म्हणून एक कोरे पुस्तक बांधले. निळे कापड, रेशमी खूण, गोल पाठ. भावजींनी ते हातात घेतले, उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"वहिनी, काम अव्वल. आत काय आहे?"

"काही नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि त्या 'बरं'ने माझा दिवस नासला.

मंगळवारी सकाळी भावजी नेहमीप्रमाणे खिडकीशी उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. वाचत कसले, तपासत होते. कानावर लाल पेन्सिल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चूक सापडली की पेन्सिल कानावरून उतरते, फराटा मारते आणि परत कानावर जाते. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी रोज सकाळी हा मनुष्य जगाच्या चुका दुरुस्त करून मगच न्याहारी करतो. माझा 'बरं'चा राग होताच. हातात कात्री होती, पुढ्यात पुठ्ठा होता. मी बसल्या जागी भावजी कातरले. पुढे आलेले पोट, वाकलेली मान, कानावर पेन्सिल. एका कागदाच्या घडीत त्यांना खालून चिकटवले, घडी मिटली आणि उघडली.

भावजी उभे राहिले!

मी घडी मिटली. ते आडवे झाले. उघडली, उभे राहिले, पोटासकट. मी हे अकरा वेळा केले. बाराव्या वेळी माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की खिडकीशी उभे असलेले खरे भावजी दचकले.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. तुमचं चालू द्या. पोट जरा आत घ्या."

त्या क्षणापासून मी माझी राहिले नाही. पुढची खोली आतून बंद केली. एका मोठ्या पुस्तकात, दोन पानांच्या मध्ये, आख्खे घर उभे करायचे असे मनाने घेतले. शेंडी तुटो की पारंबी, करायचेच. मुलगा उभा केला, हातात स्टीअरिंग; बाजूची पट्टी ओढली की चाक डावीकडे गर्रकन फिरते. सूनबाई उभी केली, हातात कवळी. पट्टी ओढली की कवळी कटकट चावते. खारूताईच्या पाठीमागून वही निघते आणि परत लपते. भावजींची पेन्सिल कानावरून उतरते. मी स्वतः खुर्चीत बसले, बोट उगारून. पट्टी ओढली की बोट हलते. ते बोट हलताना बघून मला इतके हसू लोटले की खळीच्या वाटीत कोपर गेले. दूध उतू गेले, ते कोणीतरी बघितले असेल. दुपारची झोप मी पंचवीस वर्षांत चुकवली नव्हती. त्या आठवड्यात तिचे नावसुद्धा निघाले नाही. एखादी पट्टी अडे, मी तीन तास तिच्याशी भांडे, आणि सुटली की खोलीत एक गिरकी घेई. होय, गिरकी. दार बंद होते.

बाहेर मात्र घबराट पसरली. गुरुवारी सूनबाईने मुलाला डेपोत फोन केला. तिचा आवाज मला दारातून ऐकू येत होता. "अहो, आई आत एकट्याच हसतायत. आज तिसरा दिवस. नाही, ओरडत नाहीत, हसतायत! तेच तर म्हणते मी!"

अर्ध्या तासात दारावर टकटक झाली. आमच्या इमारतीखाली ज्याचे कुलुपांचे दुकान आहे, तो कुलूपवाला होता.

"मावशी, दार उघडू का?"

"कुलूप बिघडलंय?"

"नाही."

"मग तुझं इथे काय काम?"

"वहिनींनी बोलावलं. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी इतकी बरी कधीच नव्हते. किल्ल्या खिशात घाल आणि खाली जा."

बाहेर कुजबुज झाली. मग त्याच्या किल्ल्यांचा आवाज जिना उतरत गेला.

शुक्रवारी दुपारी पुस्तक पुरे झाले. मी पाठीला कापड लावले, दाबयंत्रात आवळले, आणि शनिवारी सकाळी बाहेर काढले. पुढच्या कडेने काही कागदाचे शेंडे बाहेर डोकावत होते. बांधणीवाल्याला बाहेर आलेला कागद म्हणजे डोळ्यातले कुसळ. आणि तिन्ही बाजू कातरल्याशिवाय माझ्या हातून पुस्तक म्हणून काही बाहेर गेलेले नाही. मी पुस्तक कटिंग मशीनवर सरळ बसवले आणि दांडा ओढला. एक, दोन, तीन. कडा आरशासारख्या झाल्या. कात्रणे न बघता पोत्यात भरली. दहा वाजता रद्दीवाला आला, पोते घेऊन गेला. पुस्तक मी न उघडता कापडात गुंडाळून ठेवले. आता ते चार वाजता सगळ्यांसमोरच उघडायचे होते, आणि मी एखाद्या शाळकरी पोरीसारखी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते.

चार वाजले. सगळे पावणेचारलाच येऊन बसले होते. मी उभी राहिले. खुर्चीवर बसण्याचा अधिकार अजून सिद्ध व्हायचा होता.

"आज मी आधी मांडणार," मी म्हणाले. "हात मांडीवर ठेवा. आणि ध्यानात असू द्या, हे मला कोणीही करायला सांगितलेलं नाही."

मी कापड सोडले आणि पुस्तक उघडले.

माणसे उभी राहिली. अगदी ताठ उभी राहिली. फक्त त्यांना डोकी नव्हती.

घरात सर्वांत उंच माझा मुलगा. तो छातीपासून वर नव्हता. भावजी गळ्यापाशी संपले होते. सूनबाई वरच्या ओठापर्यंत होती, म्हणजे खालची दातांची ओळ तेवढी शिल्लक. खारूताई सर्वांत बुटकी, तिचे डोळे उरले होते. भुवया गेल्या होत्या. सगळे एका सरळ रेषेत, आरशासारखे स्वच्छ.

त्या शेंड्यांचा उलगडा मला तिथे, उभ्या उभ्या झाला. उभ्या माणसांची उंची मी ती उभी असताना मोजली होती. पुस्तक मिटले की ती आडवी होतात आणि त्यांची डोकी पानाबाहेर येतात, हे मोजले नव्हते. मी स्वतःच्या हाताने, एका दांड्यात, सगळ्या कुटुंबाचा शिरच्छेद केला होता, आणि डोकी सकाळी दहालाच रद्दीत गेली होती.

माझे कान तापले. कारखान्यात चुकीचे कातरलेले पुस्तक मी गिऱ्हाइकाच्या दृष्टीस कधी पडू दिले नाही. फाडून लगद्यात टाकले आणि पुन्हा नवे बांधले. माझा हात आपोआप पुस्तक मिटायला गेला. मिटावे, आत जावे, आणि खुर्ची ज्याला हवी त्याला द्यावी. कोणी सांगितल्याशिवाय माझ्याच्याने काही होत नाही, हे सिद्ध झालेच होते.

तेवढ्यात माझा मुलगा अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आई, आमचं काही चुकलं का?"

सूनबाईने पदर तोंडात कोंबला. भावजी मात्र चष्मा सारखा करून टेबलावर ओणवे झाले.

"कापणी निर्दोष आहे," ते म्हणाले. "एका रेषेत चार! पहिल्याच पानावर! वहिनी, मला अकरा वर्षांत एक खून जमला नाही हो."

"भावजी, थट्टा पुरे. हे बिघडलंय. मी मिटते."

"मिटायचं नाही," खारूताई म्हणाली. ती कधी असे बोलत नाही. "बिघडलेलंही मांडायचं, असा तुझाच नियम आहे. आणि माझा प्रश्न राहिलाय."

"विचार."

"आजी, तू आत एकटी कशाला हसत होतीस?"

मी तिच्याकडे पाहिले. ती खरोखरच विचारत होती. तेव्हा मी, काय करणार, मुलाची पट्टी ओढली. छातीपर्यंतच्या माणसाने स्टीअरिंग गर्रकन डावीकडे फिरवले. भावजींची पट्टी ओढली. डोके नसलेल्या माणसाची पेन्सिल मिटताना खाली होती म्हणून वाचली होती; ती नसलेल्या कानावर चढली, उतरली, हवेत फराटा मारून परत नसलेल्या कानावर गेली. आधी कोणाला हसू फुटले ते मला सांगता येणार नाही. मला वाटते मलाच.

"बघू, बघू, माझी!" सूनबाई ओरडली आणि तिने आपली पट्टी ओढली. कवळी कटकट चावू लागली. "अगं बाई! ही तर खरंच चावते! आई, बिजागरी कशी केलीत? दोऱ्याची का? मला शिकवा, माझ्या गेंड्याला बसवते!"

"डोकं नाही तरी चाक डावीकडेच," मुलगा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"तुझं डोकं असतानाही डावीकडेच जातं," सूनबाई म्हणाली.

मग खारूताई एकदम थांबली आणि पुस्तकातल्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "एक मिनिट. आजीला डोकं आहे."

सगळे वाकले. होते. मी बसलेली होते ना. बसल्यामुळे बुटकी, आणि बुटकी असल्यामुळे कातरीच्या खाली वाचले. केसांचा अंबाडासुद्धा जागच्या जागी होता. आजूबाजूला चार धडे, आणि मधोमध मी, शाबूत, बोट उगारून.

"घरातली बाकीची डोकी गेली, ह्यांचं तेवढं शाबूत," सूनबाई शांतपणे म्हणाली. "आई, यात नवीन काय आहे?"

इतर कोणत्याही दिवशी या वाक्याला मी उत्तर दिले असते. त्या दिवशी मी टेबलाची कड धरून नुसती हसत राहिले.

भावजी कागद शोधू लागले. "चार बळी, एक जिवंत, तीही अध्यक्ष, आणि संशयित कोण ते सांगायला गुप्तहेर लागतच नाही! त्याला चहा पिऊन घरी पाठवतो. वहिनी, तुम्हाला आरोपी केलं तर चालेल?"

"चालेल. पण मला पकडायचं नाही."

"छे! पकडायची कोणाची छाती आहे?"

"याची तर अर्धीच आहे," म्हणून खारूताईने बापाकडे बोट दाखवले.

मुलाने ते मनावर घेतले. तो टेबलापाशी गुडघे टेकून बसला आणि त्याने आपली हनुवटी कागदाच्या धडामागे टेकवली. वीतभर शरीर आणि त्यावर पंचेचाळीस वर्षांच्या बसचालकाचे मिशाळ डोके. त्याने गंभीरपणे स्टीअरिंग फिरवले, तोंडाने हॉर्न वाजवला. मग सगळ्यांनाच डोके द्यायचे होते. भावजी वाकले आणि पाठीत उसण भरल्यामुळे तसेच राहिले. आम्ही त्यांना सरळ करायला गेलो तर म्हणाले, आधी पेन्सिल हलवा. सूनबाईने आपला वरचा ओठ कागदाच्या खालच्या दातांवर टेकवला आणि कवळी चालू केली; ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी माझ्या कामाची इतकी ओढाताण कोणाला कधी करू दिली नव्हती. पट्ट्या टिकल्या. दोरा दुपदरी होता.

त्या गदारोळात दार वाजले. कुलूपवाला दारात उभा होता, किल्ल्यांचा जुडगा हातात. "मावशी, खालपर्यंत आवाज येतोय. आता तर पाचही जण..." तेवढ्यात त्याला टेबलाशी गुडघे टेकलेला मुलगा दिसला आणि त्याचे वाक्य तिथेच राहिले.

त्याला आत घेतले, सारे दाखवले. तो एकेक पट्टी ओढत राहिला. कुलपाची कळ चाचपतो तशी हळूच, कान लावून. भावजींची पेन्सिल त्याने नऊ वेळा उतरवली. मग जुडगा खिशात घालून माझ्यासमोर अदबीने उभा राहिला.

"मावशी, आमच्या घरचंही असं एक करून द्याल? आम्ही सात जण आहोत. डोकी असली तर उत्तम, नसली तरी चालेल. तुम्ही म्हणाल त्या दिवशी घेऊन जाईन."

चाळीस वर्षे हे वाक्य मी कान टवकारून ऐकले आहे. किती माप, कोणते कापड, कोणता वार. प्रश्न जिभेवर आलेदेखील. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी अध्यक्षस्थानाची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. दुसरी खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.

"मी ऑर्डर घेत नाही," मी म्हणाले. "बस. तुझ्या घरात रोज ज्याचा सर्वांत जास्त राग येतो, तो आधी काप. पुठ्ठा तुझ्या उजवीकडे आहे, कात्री माझ्याकडे आहे. आणि शेंडे बाहेर आले तर घाबरू नकोस."

त्याने पुठ्ठा पुढे ओढला.

"सासरे," तो म्हणाला, आणि मी त्याला कात्री दिली.